रिकाम्या जागेचा ठोकळा

"दार नीट लाव, टोबी. खालून वारा येतोय," म्हातारा ईनॉक म्हणाला. "आणि खुर्ची इकडं ओढ. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही."

हेझलबर्नचा रस्ता दुपारपासून बर्फानं बंद झाला होता. खानावळीत चार तरुण गाडीवान अडकून पडले होते. बूट शेकोटीपाशी वाळत होते, सफरचंदाची सायडर गरम झाली होती, आणि आता रात्र कशी काढायची हाच प्रश्न होता.

"आजोबा, भुताची असेल तर आधीच सांगा," टोबी म्हणाला. "सॅमला त्याच्या बायकोजवळ पोचवून येतो."

सगळे हसले. ईनॉक हसला नाही. त्यानं मांडीवरच्या झोळीवर हात ठेवला, काहीतरी आहे ना ते चाचपलं, आणि हात काढून घेतला.

"भुताची आहे की नाही ते तू ठरव. नॅट टिबेटची आहे, एवढं मला ठाऊक आहे."

मग मात्र सगळ्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या. नॅट टिबेटला जाऊन अजून तीन महिने झाले नव्हते. त्याच्या शवपेटीला याच टोबीनं खांदा दिला होता. गावाला माहीत होता तो पिकल्या केसांचा नॅट, कुणापुढं टोपी न काढणारा, पाद्रीबाबांशीसुद्धा वाद घालणारा. ईनॉक सांगत होता तो नॅट बावीस वर्षांचा होता.

ईनॉकनं सांगितलं ते असं.

अठराशे पंचाहत्तर साल. फेब्रुवारीची पहिली तारीख, सोमवार. दुसऱ्या दिवशी कॅन्डलमस, मेणबत्त्यांचा सण. पाऊस नव्हता, बर्फ नव्हतं, नुसतं करडं आभाळ गावावर टेकलं होतं. नॅट तेव्हा ईनॉकच्या मालगाड्यांवर कामाला होता. दुपार कलताना ईनॉकनं त्याला हाक मारली आणि ढकलगाडीवर दोरखंड, गवताच्या पेंढ्या आणि गोणपाटाचे गठ्ठे लादून दिले.

"ड्रूएट हॉलवर टाकून ये. उद्या सकाळी आपल्या गाड्या तिकडं लागणार. पुस्तकं लंडनला जायचीत."

"सगळी?"

"सगळी. एक चिटोरं मागं ठेवायचं नाही, असं मालकानं मरण्याआधी लिहून ठेवलंय."

नॅटनं ढकलगाडीच्या दांड्या उचलल्या आणि तो निघाला. ईनॉकला त्याचा चेहरा दिसला नाही.

मालक म्हणजे सर लँबर्ट ड्रूएट. आजानं लोखंडाच्या भट्ट्यांवर मिळवलं, बापानं राखलं, आणि लँबर्टनं सगळं पुस्तकांत घातलं. माणूस विद्वान खराच. लॅटिन, ग्रीक, जुनी सॅक्सन, सगळं यायचं. सहाशे वर्षांपूर्वीचं कातड्यावरचं लिखाण आपण दुकानावरची पाटी वाचावी तसं वाचायचा. सुतारांचा चिकट सरस बनवणारे असली जुनी कातडी उकळायला घेत. त्यांच्या कढईतून त्यानं ती स्वतःच्या हातानं ओढून काढली होती. भाजल्याचे डाग उजव्या मनगटावर शेवटपर्यंत होते. हे त्याच्या बाजूचं, आणि ते खोटं नाही.

पण एकदा घरात आलेलं पुस्तक बाहेर जाणं त्याला सोसायचं नाही. आधी दिवाणखाना भरला, मग जेवणघर, मग बायकोची खोली. बाईसाहेब अखेरची वर्षं जिन्याखाली पलंग टाकून निजल्या आणि तिथंच गेल्या. ज्या दिवशी त्यांना पुरलं त्याच संध्याकाळी जिन्याखाली कपाट आलं. मुलगी, मिस थिओडोरा. तिला एक चांगलं स्थळ आलं होतं. पहिल्याच भेटीत त्या पोरानं खूण म्हणून पुस्तकाचं पान दुमडलं. संपलं ते लग्न.

आणि उजेड. पुस्तकांच्या लांब दालनात चाळीस वर्षांत कुणी काडी ओढली नव्हती. आगीची धास्ती. अंधार पडला की काम बंद. फक्त मालकाला काही आठवलं, तर अंधारातही चालू.

या घरात नॅटचा थोरला भाऊ रूबेन कामाला होता. ओझी उचलायची, शिडी सरकवायची, आणि ठोकळे कापायचे.

"कसले ठोकळे?" टोबीनं विचारलं.

"लाकडाचे. सांगतो ना."

एखादं पुस्तक बांधणीला किंवा कुणा मोठ्या माणसाला वाचायला द्यावं लागलं, तर त्याच्या जागी रूबेन नासपतीच्या लाकडाचा ठोकळा बसवायचा. हुबेहूब त्या पुस्तकाच्या मापाचा. फळीवर रिकामी फट मालकाला बघवायची नाही. दात पडलेल्या तोंडासारखी दिसते, म्हणायचा. पुस्तक परत आलं की ठोकळा चुलीत. रूबेनला लिहिता येत नव्हतं, म्हणून पुस्तक कुणाकडं गेलंय त्याची तो ठोकळ्यावर चाकूनं खूण कोरायचा. बांधणीवाल्याची सुरी. पाद्रीबाबांची दारूची सुरई. पाद्रीबाबांना वाटायचं, ते बाप्तिस्म्याचं भांडं आहे. रूबेननं त्यांचा तो समज कधी मोडला नाही.

नॅटसाठीही त्याच्याकडं एक खूण होती. नॅट दोनच हिवाळे शाळेत गेला, आणि त्याचं अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय. म्हणून घरातला नॅटचा चमचा, नॅटचा पेला, नॅटच्या विळ्याची मूठ, सगळ्यांवर रूबेननं कोंबडीचा पाय कोरून ठेवला होता. तीन बोटं पुढं, एक मागं. मागचं बोट नेहमी वाकडं. नॅट चिडायचा. रूबेन हसायचा.

तर अशी ती दोन भावंडं. बाप आधीच गेलेला. आई नऊ वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळलेली असताना एकदा सर लँबर्ट त्यांच्या झोपडीत आला आणि चुलीवरच्या फळीवरचं बायबल त्याच्या नजरेला पडलं. जाडजूड, काळं, पणज्याच्याही आधीचं. पहिल्या कोऱ्या पानावर टिबेटांचे सगळे जन्म आणि सगळी मरणं, ज्याला जसं जमलं तसं लिहिलेलं. चार दिवस जगलेल्या पोरांचीसुद्धा नावं.

"धुरानं खराब होईल हे," मालक म्हणाला होता. "नेतो, बघतो, परत देतो."

ते नेलं ते नेलंच. आई गेली. तिचं नाव त्या पानावर चढलं नाही. मरताना तिनं पोरांकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की त्या फळीवर मिठाचं भांडंसुद्धा ठेवायचं नाही. जागा मोकळी राहू दे. येईल परत.

रूबेननं मालकाला दोनदा विचारलं. मालक म्हणाला, "माझ्यामागं मिळेल." रूबेन शब्दावर जगणारा माणूस. रोज दालनात गेला की उत्तरेच्या खिडकीशी, अगदी खालच्या फळीवर हात लावून यायचा. नॅटला सांगायचा, "आहे. जागेवर आहे."

नॅट म्हणायचा, "उचल आणि घेऊन ये."

"चोरी होईल ती."

"त्यांनी नेलं त्याला काय म्हणतात?"

यावर रूबेन चाकू उचलून पुन्हा लाकूड तासायला लागायचा.

मग नोव्हेंबरात, मार्टिनमसच्या सणादिवशी, अंधार पडल्यावर मालकाला वरच्या फळीवरचं काहीतरी आठवलं. रूबेन म्हणाला, "मालक, एक मेणबत्ती. खाली धरा नुसती." मालक म्हणाला, "नाही." रूबेन चढला. उतरताना पायरी चुकली. मिस थिओडोरा धावत आली, तेव्हा मालक खाली वाकला होता. पडलेलं पुस्तक फाटलंय का, ते बोटांनी चाचपत होता. रूबेन बाजूला पडला होता. मान मोडलेली.

जानेवारीत मालकही गेला. त्याच शिडीच्या खालच्या पायरीवर बसलेला सापडला. हात मांडीवर, डोळे फळ्यांकडं.

टिबेटांना कबरीवर दगड बसवणं कुठलं परवडायला. रूबेनच्या मातीवर गवत उगवलं. त्या एका पानाखेरीज टिबेट नावाची माणसं जगात कुठंच लिहिलेली नव्हती. आणि ते पान उद्या लंडनला निघालं होतं.

हॉलचं मागचं दार मिस थिओडोरानंच उघडलं. नोकर पांगले होते. काळा पोशाख, हातात चहाचा पेला.

"दोर आणलेत, बाईसाहेब," नॅट म्हणाला. टोपी डोक्यावरच. "आणि आमचं बायबल द्या."

"माझ्या हातात असतं, नॅट, तर माझ्या आईची खोलीसुद्धा मी परत घेतली असती."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"पास्क वकिलांच्या. एकेक फळी त्यांनी तपासून ठेवलीय. सकाळी कुठं फट दिसली तर शिपाई आणणार म्हणालेत. जिथं ठोकळा आहे तेवढंच पुस्तक वडलांनी दिलेलं समजायचं, असं मृत्युपत्रात लिहिलंय. ठोकळा म्हणजे त्यांचा शब्द."

"मग मी कापतो ठोकळा."

"तू?" ती हसली नाही, पण आवाज मऊ झाला. "रूबेन गेल्यावर गावच्या सुताराकडून एक करून घेतला होता. फळीत गेला नाही. रूबेनचा हात कुणाला आला नाही, नॅट."

"आमच्या पुस्तकासाठी आम्हीच ठोकळा द्यायचा? मरू दे तो ठोकळा!"

तिनं पेला खाली ठेवला. "सामान दालनात नेऊन ठेव. किल्ली दाराला आहे. मी वर जाते, मला खालचं ऐकू येत नाही." दोन पायऱ्या चढून ती थांबली. "एक कर. तिथं उजेड लावू नकोस."

हुकूम दिल्यासारखं ती हे म्हणाली नाही. घाबरून म्हणाली.

नॅट दालनात शिरला तेव्हा खिडक्यांत शेवटचा करडा उजेड होता. दोन्ही भिंती खालपासून छतापर्यंत पुस्तकांच्या. मधे चाकांची शिडी. तिच्या एका चाकाला रूबेन दर शनिवारी तेल घालायचा. नोव्हेंबरपासून ते कुणी घातलं नव्हतं. जुन्या कातड्याचा वास. थंडी अशी, की दात आपोआप वाजावेत.

त्यानं गठ्ठे टाकले. मग खिशातून मेणबत्ती काढली. सणासाठी पाद्रीबाबांच्या बायकोनं गावात घरोघर वाटल्या होत्या, त्यांतलीच एक.

"रूबेनला एक मेणबत्ती मिळाली नाही ना?" तो मोठ्यानं म्हणाला. "ही घ्या."

आणि त्यानं काडी ओढली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दालनात ज्योत उभी राहिली. पुस्तकांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं एकदम चमकली. कुणीतरी डोळे उघडावेत तशी. नॅट उत्तरेच्या खिडकीशी गेला, गुडघ्यावर बसला. खालची फळी. काळी, रुंद पाठ. तीच. वरच्या कोपऱ्यात लहानपणी त्यानंच उमटवलेले दातांचे वण अजून तसेच होते. त्याला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. त्यानं दोन्ही हातांनी पुस्तक ओढलं.

ते निघालं.

मागं फट राहिली. काळी.

मेणबत्ती विझली.

वाऱ्यानं नाही. वाऱ्यानं विझताना ज्योत आधी वाकते. ही वाकली नाही. कुणीतरी दोन बोटांच्या चिमटीत धरावी, तशी... गेली. आणि जळलेल्या कातडीचा वास आला.

नॅट तसाच बसून राहिला. पुस्तक छातीशी.

दालनाच्या दुसऱ्या टोकाला...

कीर्र.

थांबलं.

कीर्र... टक्.

शिडीचं चाक.

"त्याला धाव म्हणावं की!" सॅम एकदम म्हणाला.

"धावला नाही," ईनॉक म्हणाला. "तो मला नेहमी सांगायचा, ईनॉक, मी धावलो नाही. चालत बाहेर आलो. आमची वस्तू घेऊन आम्ही पळायचं कशाला?"

तो बाहेर आला. ढकलगाडी तिथंच टाकली. हॉलपासून टिबेटांची झोपडी अर्ध्या मैलावर. दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, मधे चिखलाची वाट. आभाळात एक चांदणी नव्हती. त्यानं कोट काढून पुस्तकाला गुंडाळला आणि तो नुसत्या सदऱ्यावर चालू लागला.

फाटक ओलांडलं. ओढ्यावरची फळी ओलांडली.

मागं...

कीर्र... टक्.

नॅट थांबला. आवाज थांबला.

पायाखाली चिखल होता. घोट्यापर्यंत. त्या चिखलात गाडीचं चाकसुद्धा आवाज न करता रुतलं असतं. पण हा आवाज लाकडी जमिनीवरचा होता. घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या फळ्यांवरचा. उघड्या रानात, झुडपांच्या मधोमध, कुणीतरी लाकडी जमिनीवरून शिडी सरकवत येत होतं.

तो चालू लागला.

कीर्र... टक्. कीर्र... टक्.

घाई नव्हती त्याला. चुकलेलं पुस्तक सापडणारच, अशी खात्री असलेल्या माणसाची चाल.

मानेमागं गार वाटू लागलं. मग त्याहून जवळ. एका वळणावर पुस्तक त्याच्या हातांत जड झालं. आधी थोडं. मग खूप. कुणीतरी मागच्या बाजूनं हलकेच, अगदी जपून, पान न दुमडता... ओढत होतं.

"सोडणार नाही," नॅट म्हणाला.

ओढ वाढली.

"हात तोडून न्या. सोडणार नाही."

झोपडी आली. त्यानं खांद्यानं दार ढकललं, आत शिरला, लाथेनं दार लावलं. चुलीत निखारे होते. चुलीवर ती फळी. रिकामी. नऊ वर्षांची रिकामी.

बाहेर...

कीर्र.

दारापाशी.

...

काही नाही.

दुसरा कुणी असता तर त्यानं पलंग ओढून दाराला लावला असता, गुडघे टेकून प्रार्थना केली असती. नॅट कधीच शहाणा नव्हता. रागावला की पुढचं मागचं त्याला दिसायचं नाही. नोव्हेंबरपासून आत कोंडलेलं सगळं त्याच्या डोक्यात चढलं. आई. रूबेन. ती न मिळालेली मेणबत्ती. त्यानं पुस्तक काखेत मारलं, आणि...

दार उघडलं. सताड.

अंधार. दाराच्या चौकटीएवढा. त्यात काही दिसत नव्हतं. पण उंबऱ्याच्या पलीकडं बर्फासारखी गार हवा उभी होती, आणि तिला कातड्याचा वास होता.

"ये आत!" नॅट ओरडला. "ये ना! फट बघवत नाही ना तुला? ही बघ!" त्यानं चुलीवरच्या फळीकडं हात केला. "ही बघ फट! आमची! नऊ वर्षं! तू नेलंस तेव्हा इथं कुठला ठोकळा ठेवलास? सांग! आई मेली या फटीकडं बघत. तुझ्या घरातून एक चिटोरं हललं तर तुला झोप लागायची नाही. आमच्या घरातून तू एवढं पुस्तक नेलंस. माझा भाऊ नेलास. त्याच्या जागी काय ठेवलंस? ठोकळा तरी ठेवलास?"

त्याचा आवाज फाटला.

निखारा फुटला. तेवढाच आवाज.

ती हवा हलली नाही. आत आली नाही. मागं गेली नाही. आणि ते पुस्तक... ते अजूनही ओढलं जात होतं. हळूहळू. नॅटची बोटं एकेक करून सुटायला लागली. करंगळी. तिच्या शेजारचं.

"रूबेन," तो म्हणाला. ओरडून नाही. लहानपणी अंधारात म्हणायचा तसं.

आणि तेव्हा लांबून, हॉलच्या बाजूनं, एक आवाज आला.

घर्रर्र. घर्रर्र. खर्.

करवत.

पुन्हा. घर्रर्र. घर्रर्र. खर्.

दोन लांब, एक आखूड. रूबेनचा डावा खांदा लहानपणी निखळला होता. दर तिसऱ्या ओढीला हात अर्ध्यात थांबायचा. असली करवत या मुलखात दुसरं कुणी चालवत नव्हतं. नॅट तो आवाज ऐकत लहानाचा मोठा झाला होता.

घर्रर्र. घर्रर्र. खर्.

दारातला अंधारही ऐकत होता.

मग करवत थांबली. थोड्या वेळानं चाकूनं लाकूड कोरल्यासारखं बारीक काहीतरी. अर्ध्या मैलावरून ते ऐकू यायला नको होतं. पण आलं. चार वेळा. तीनदा सरळ, चौथ्यांदा जरा वाकडं.

आणि मग एक ठोका. घट्ट बसणारी वस्तू तळव्यानं आत सारावी तसा. ठप्.

पुस्तक हलकं झालं.

उंबऱ्यापलीकडून... कीर्र... टक्... कीर्र... टक्... आवाज वळला. वाटेनं मागं गेला. ओढ्यापर्यंत ऐकू आला. मग नाही.

नॅटनं दार लावलं. दुसरी मेणबत्ती पेटवली. मग पहिलं पान उघडून आधी आईचं नाव लिहिलं, आणि त्याखाली: रूबेन टिबेट. कोंबडीचे पाय. शाई दोन ठिकाणी सांडली. मग त्यानं बायबल फळीवर, त्याच्या जागी ठेवलं आणि चुलीपुढं जमिनीवर तो झोपला.

खानावळीत टोबीच्या हातातली सायडर गार झाली होती.

"मग शिपाई?" सॅमनं हळूच विचारलं.

सकाळी ईनॉकच्या तीन गाड्या हॉलच्या अंगणात लागल्या. पास्क वकील आधीच आलेला. बारीक, नाकावर चष्मा, बरोबर शिपाई. ओढ्यापलीकडच्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की रात्री दालनात उजेड दिसला.

नॅट आला. डोळे लाल, अंगावर तोच चिखलाचा सदरा. घरी राहायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"उजेड कुणी लावला?" पास्कनं विचारलं.

"मी."

"कशासाठी?"

"फट शोधताय ना तुम्ही? उगाच शोधू नका. या, दाखवतो." आणि शिपायाच्या आधी नॅट तरातरा दालनात शिरला. मागं पास्क, मिस थिओडोरा, ईनॉक. "मीच नेलं. आमचं होतं. घाला बेड्या. ही बघा..."

आणि तो थांबला.

उत्तरेच्या खिडकीशी, खालच्या फळीवर फट नव्हती.

पुस्तकांच्या दोन काळ्या पाठींच्या मधे एक पांढरं, ताजं लाकूड होतं. उंचीला बरोबर. जाडीला बरोबर. शेजारच्या पुस्तकांना इतकं चिकटून, की मधे नखही जाऊ नये.

"हे पहिल्यापासून इथं होतं?" पास्कनं कागद चाळले. "माझ्या नोंदीत..."

मिस थिओडोरा खाली बसली. ठोकळा तिला दोन्ही हातांनी ओढून काढावा लागला. तिनं तो वास घेतल्यासारखा तोंडाजवळ नेला. मग उलटा करून खूण बघितली आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

"रूबेनचं काम आहे," ती म्हणाली.

"रूबेन? तो ठोकळे कापायचा तो? तो तर वारला ना?"

"नोव्हेंबरात."

"मग त्याआधीच दिलेलं असणार पुस्तक," पास्क सुटल्यासारखा म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "ठोकळा आहे म्हणजे तुमच्या वडलांचा शब्द आहे. खूण कुणाची ही?"

तिनं ठोकळा नॅटपुढं धरला. तीन बोटं पुढं. एक मागं, वाकडं.

नॅटनं टोपी काढली. लोकांनी त्याला टोपी काढताना पाहिलं ते तेवढंच.

"तुम्ही हे सगळं त्याच्या तोंडून ऐकलंत," टोबी अखेर म्हणाला. आवाज थट्टेचा ठेवायचा त्यानं प्रयत्न केला. "सायडर पिऊन आपणही काय काय ऐकतो, आजोबा. एकतीस वर्षं झाली त्याला."

"एकतीस," ईनॉक म्हणाला. "बायबल आता त्याच्या मुलीच्या घरी आहे. नॅटचंही नाव चढलंय त्यात."

मग त्यानं झोळीत हात घातला, फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली आणि फडकं उलगडलं. ठोकळा होता. पांढरा. अजून पांढरा.

"मिस थिओडोरानं तो नॅटलाच देऊन टाकला होता, नॅटनं मरताना मला. घे हातात."

टोबीनं घेतला. उलटा केला, खूण बघितली. मग नाकाशी नेला आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं ठोकळा खाली ठेवला आणि शेकोटीच्या उजेडात स्वतःची बोटं बघितली.

बोटांना नासपतीच्या लाकडाचा भुसा लागला होता. ओला. आणि कोमट.